मंडळीचा कारभार आणि समाजाची रीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडळीच्या, म्हणजे ख्रिस्ती चर्चच्या, कमिटीवर बसणारे, पाळकपणाचं (मंडळीच्या धर्मगुरूचं) शिक्षण घेणारे आणि वार्षिक सभेतून मन खट्टू करून घरी जाणारे, अशा सगळ्यांनी हे प्रश्न कधी ना कधी विचारलेले आहेत. उत्तरं देताना मी तटस्थ राहिलेलो नाही, म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बैठकीची रीत त्या त्या समाजाची असावी, असं मला मनापासून वाटतं. मात्र त्या बैठकीत सर्वांत दुबळ्या माणसाला न घाबरता बोलता येतं की नाही, हे तपासण्याचं काम समाजाच्या सवयीवर सोडता येत नाही.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत कारभाराच्या पद्धती कोणत्या?

ढोबळमानानं तीन. अँग्लिकन आणि बऱ्याच मेथडिस्ट व लुथरन मंडळ्यांत बिशप, म्हणजे अनेक मंडळ्यांवर देखरेख करणारा धर्माधिकारी, असतो. प्रेस्बिटेरियन आणि रिफॉर्म्ड मंडळ्यांत निवडलेले वडील आणि पाळक एकत्र बसून निर्णय घेतात. स्थानिक वडीलसभेच्या वर प्रेस्बिटेरी (एका भागातल्या मंडळ्यांची सभा), तिच्या वर सिनड किंवा महासभा अशी चढती रचना असते. बॅप्टिस्ट आणि काँग्रिगेशनल परंपरेत स्थानिक मंडळीच सर्वाधिकारी, तिच्या सभासदांची सभा हाच शेवटचा शब्द. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी या तिन्हींची सरमिसळ झालेली दिसते.

ही पद्धत बायबलनं ठरवून दिली आहे ना? मग ती आपण बदलायची कशी?

बायबलनं कामं सांगितली आहेत, माणसं कशी असावीत ते सांगितलं आहे, पण घटना, म्हणजे कारभाराची लेखी नियमावली, लिहून दिलेली नाही. तीमथ्य आणि तीत यांना लिहिलेल्या पत्रांत अध्यक्ष, वडील आणि सेवक कसे असावेत याची यादी आहे. ते निवडायचे कसे, त्यांची मुदत किती, गणसंख्या किती, याबद्दल तिथं एक अक्षर नाही. शिवाय 'वडील' ही काही मंडळीनं नव्यानं शोधून काढलेली गोष्ट नव्हती. यहुदी समाजात आणि सभास्थानांत वडील आधीपासून होते. पहिल्या मंडळ्यांनी आपल्या समाजात जे होतं ते घेतलं आणि त्याचा अर्थ बदलला.

बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय पुन्हा वाचा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी जुन्याच व्यवस्थेचा आग्रह धरला नाही. सगळ्यांना बोलावलं, सात माणसं निवडायला सांगितली आणि काम त्यांच्या हाती सोपवलं. निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटप गेलं. व्यवस्था बदलली ती एका अन्यायामुळे. कारभार जुळवून घेण्याचा मला माहीत असलेला सर्वांत जुना आणि सर्वांत चांगला दाखला हाच.

म्हणजे मिशनऱ्यांनी आणलेली घटना त्यांच्या देशाची होती?

बरीचशी, होय. आणि यात त्यांना कमी लेखण्यासारखं काही नाही.

जिनिव्हाचं उदाहरण घ्या. 1541 साली धर्मसुधारक कॅल्विननं तिथल्या मंडळीसाठी नियमावली तयार केली. पाळक, शिक्षक, वडील आणि सेवक अशी चार पदं त्यात होती. वडील बारा. ते आले कुठून? दोन शहराच्या छोट्या परिषदेतून, चार साठांच्या परिषदेतून, सहा दोनशेंच्या परिषदेतून. म्हणजे शहराचा कारभार ज्या सभांतून चालायचा, त्याच सभांतून मंडळीचे वडील उचलले गेले. ज्याला आज आपण 'शुद्ध प्रेस्बिटेरियन पद्धत' म्हणतो ती आजच्या स्वित्झर्लंडमधल्या एका शहराच्या नागरी व्यवस्थेच्या कुशीत वाढली. पुढे स्कॉटलंडनं ती घेतली आणि आपल्याला हवी तशी वळवली.

इंग्लंडात राजा मंडळीचा प्रमुख झाला, म्हणून तिथली बिशपव्यवस्था राजसत्तेच्या अंगानं गेली. सभा चालवण्याचे जे नियम आज अनेक मंडळ्या वापरतात (ठराव, अनुमोदन, दुरुस्ती, मतदान), त्यांतले पुष्कळसे हेन्री रॉबर्ट नावाच्या अमेरिकन लष्करी अभियंत्याच्या 1876 च्या पुस्तिकेवरून आलेले आहेत. मूळ रीत विधिमंडळाची. हे कळलं की मनावरचं ओझं उतरतं. आपल्याआधी सगळ्यांनी जुळवून घेतलेलं आहे, फक्त त्यांचं जुळवणं जुनं झाल्यामुळे ते मूळ तत्त्व वाटायला लागलं.

'तीन स्व' हे सूत्र काय आहे? त्यानं हा प्रश्न सुटला नाही का?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीचे सचिव हेन्री व्हेन आणि 'अमेरिकन बोर्ड' या मिशन संस्थेचे सचिव रुफस अँडरसन यांनी, एकमेकांपासून बरंचसं स्वतंत्रपणे, एकच गोष्ट मांडली: स्थानिक मंडळी स्वशासित, स्वावलंबी आणि स्वप्रसारक झाली पाहिजे आणि मिशननं तिथून निघून गेलं पाहिजे. अँडरसन 1854-55 मध्ये हिंदुस्थानातल्या मिशनांच्या पाहणीसाठी आले होते. मिशनऱ्यांनी स्थानिक पाळकांना दीक्षा (पाळकपदाचा अधिकार) देऊन मंडळ्या त्यांच्या हाती सोपवाव्यात, हा त्यांचा धोशा होता.

सूत्र चांगलं होतं, त्याचं पालन रडतखडत झालं. सॅम्युएल अजायी क्राउथर यांची गोष्ट वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं. लहानपणी गुलाम म्हणून विकले गेलेले पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा समाजाचे हे गृहस्थ 1864 साली बिशप झाले. व्हेन वारल्यानंतर मात्र तरुण युरोपीय मिशनऱ्यांनी त्यांच्या नायजर मिशनची झडती घेतली, त्यांच्या माणसांना काढून टाकलं, आणि म्हातारपणी त्यांना अपमान गिळून बाजूला व्हावं लागलं. 1891 च्या अखेरीस ते वारले. त्यांच्यानंतर त्या जागी आफ्रिकी नव्हे, युरोपीय बिशप आला.

शिवाय या सूत्रात एक गोष्ट अध्याहृत राहिली. 'स्वशासित' म्हणजे कारभार स्थानिक माणसांच्या हाती, एवढाच अर्थ लोकांनी घेतला. खुर्चीवरचा माणूस बदलला, खुर्ची तीच राहिली. बैठक कशी भरायची, निर्णय कसा व्हायचा, हे कुणी विचारलंच नाही.

सामूहिक वळणाच्या समाजात ही घटना नेमकी अडते कुठे?

घटना असं धरून चालते की सभासद म्हणजे एक सुटी व्यक्ती. ती सभेला येते, दोन्ही बाजू ऐकते, मत बनवते आणि हात वर करते. जिथे माणूस आधी कुणाचा तरी मुलगा, पुतण्या, सून, भाऊबंद असतो, तिथे असं होत नाही. काकांच्या ठरावाविरुद्ध हात वर करणं हे ठरावाविरुद्ध मत राहत नाही, ते काकांविरुद्ध मत होतं. आणि ते सगळ्यांच्या देखत होतं.

खरा निर्णयही सभेत होत नाही. तो आधीच ओसरीवर, उपासना संपल्यावर रेंगाळताना, कुणाच्या तरी मयताच्या घरी झालेला असतो. सभा तो फक्त जाहीर करते. बाहेरून आलेल्या माणसाला हे कारस्थान वाटतं. बऱ्याचदा ती सभ्यता असते: चारचौघांत कुणाची फजिती होऊ नये म्हणून मतभेद आधीच मिटवलेले असतात.

सगळ्यांत मोठा गोंधळ शांततेचा. नियमावलीत "कुणाची हरकत नाही ना?" असं विचारून कुणी बोललं नाही की ठराव मंजूर. कितीतरी समाजांत मोठ्यांसमोर गप्प बसणं हाच नकार असतो. इतिवृत्तात 'एकमताने मंजूर' लिहिलं जातं आणि पुढचं वर्षभर कुणी त्या कामाला हात लावत नाही. मग अध्यक्ष म्हणतात, लोक बेजबाबदार आहेत. लोकांनी आपलं उत्तर केव्हाच दिलेलं असतं.

मुदतीचंही तसंच. तीन वर्षांनी वडीलपद संपतं हे कागदावर बरोबर आहे. पण ज्याला लोक मनानं वडील मानतात त्याचं वडीलपण तारखेनं संपत नाही. तो कमिटीबाहेर बसूनही कमिटी चालवतो, आणि आता त्याला जाब विचारायची सोयही राहत नाही.

मग मतदान बंद करून एकमतानं निर्णय घ्यावेत का?

शक्य तिथे एकमत, आणि मतदान शेवटचा उपाय म्हणून हाताशी. मतदान मुळीच नको असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

एकमताची परंपरा प्रोटेस्टंटांना परकी नाही. क्वेकर हा पंथ सतराव्या शतकापासून मतदानाशिवाय कारभार करतो; सभेचा कल ओळखून तो शब्दांत मांडणं हे त्यांच्या सभा चालवणाऱ्या कारकुनाचं काम. ऑस्ट्रेलियातल्या युनायटिंग चर्चनं 1994 पासून आपल्या सभांसाठी एकमताची पद्धत घेतली. तिथे प्रत्येकाकडे दोन कार्डं असतात. मांडलेली गोष्ट मनाला पटत असेल तर नारिंगी धरायचं, पटत नसेल तर निळं. निळं कार्ड दिसलं की अध्यक्ष त्या माणसाला विचारतो, काय खटकतंय? जागतिक चर्च परिषदेच्या 2006 च्या पोर्तो आलेग्रे अधिवेशनातही हीच रीत वापरली गेली.

मला या कार्डांचं महत्त्व वाटतं ते एका कारणासाठी. त्यात 'विरुद्ध' होण्याआधी 'अजून पटलं नाही' असं म्हणायला जागा आहे. लाजऱ्या माणसाला बोलावं लागत नाही, नुसतं कार्ड धरावं लागतं, आणि मग त्याला विचारणं हे अध्यक्षाचं कर्तव्य होतं.

प्रत्यक्षात असं करता येईल. विषय एका सभेत फक्त मांडायचा, त्यावर निर्णय घ्यायचा नाही. मधल्या काळात लोकांना आपापल्या घरांत, गटांत, नात्यांत बोलू द्यायचं. तसंही ते बोलणारच असतात, आता ते अधिकृत होतं. दुसऱ्या सभेत प्रत्येक गटानं काय म्हटलं ते ऐकायचं, सर्वांत लहान गटापासून सुरुवात करून. मग अध्यक्षानं म्हणायचं, "माझ्या समजुतीनुसार आपलं असं ठरतंय." कुणाला ते खटकलं तर थांबायचं. दोन-तीन बैठकांनंतरही गाठ सुटली नाही आणि विषय टाळता येण्यासारखा नसेल, तर गुप्त मतदान. पैशाच्या हिशेबाबाबत आणि पदाधिकाऱ्यांच्या निवडीबाबत तर मी गुप्त मतदानाचा हक्क कधीच सोडणार नाही.

यरुशलेमच्या सभेतही, कृत्ये पंधराव्या अध्यायात, पुष्कळ वादविवाद झाला असं आधी लिहिलं आहे. पवित्र आत्म्याला आणि आम्हांला योग्य वाटलं, हे वाक्य त्यानंतर येतं. वाद न होता झालेलं एकमत मला संशयास्पद वाटतं.

गावचा किंवा कुळाचा प्रमुखच मंडळीचा वडील असावा का?

असू शकतो. आपोआप नसावा.

इंडोनेशियातल्या सुमात्रामधल्या बटाक लोकांत मिशनरी लुडविग नॉमेन्सन 1860 च्या दशकात गेले. स्थानिक राजांना वगळून तिथे काही होणार नाही हे त्यांनी ओळखलं, ख्रिस्ती श्रद्धेच्या आड येत नव्हता तेवढा रूढ आचार राहू दिला, आणि 1881 च्या नियमावलीत स्थानिक वडिलांना मंडळीच्या कामात पक्कं स्थान दिलं. आज ती जगातल्या मोठ्या लुथरन मंडळ्यांपैकी एक आहे. प्रमुखाला बरोबर घेतल्याशिवाय एवढं रुजलं नसतं.

आता दुसरी गोष्ट, कोरियाची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुमसान नावाच्या खेड्यात चो दोक-साम हे श्रीमंत जमीनदार होते आणि ली जा-इक हा त्यांच्याकडे घोडे सांभाळणारा चाकर. दोघेही एकाच मंडळीत. वडील निवडायची वेळ आली आणि मंडळीनं चाकराला निवडलं. सगळ्यांचा श्वास अडकला असेल. जमीनदारांनी उठून हा निर्णय देवाचा मानला, आपल्या चाकराला वडील म्हणून मान दिला, आणि पुढे त्याच्या धर्मशिक्षणाचा खर्चही उचलला. ली पाळक झाले आणि कोरियन प्रेस्बिटेरियन महासभेचे अध्यक्षही झाले. त्या मंडळीची काटकोनी जुनी इमारत अजून उभी आहे. तिच्या एका बाहूत पुरुष बसायचे, दुसऱ्यात स्त्रिया, आणि कोपऱ्यात उभा असलेला उपदेशक दोघांनाही दिसायचा.

या एका गोष्टीत दोन्ही बाजू आहेत. बसण्याची रीत समाजाची ठेवली. निवडीची रीत मात्र समाजाच्या उतरंडीला शरण गेली नाही. आणि जमीनदारानं मोठेपणा दाखवला तोही त्याच्या संस्कृतीतल्या मोठ्या माणसाच्या थाटानंच.

जात, कूळ, टोळी यांना सांभाळून घेणं हेही संस्कृतीशी जुळवणंच नाही का?

नाही. इथे मी जराही मागे सरकणार नाही.

'लोकांच्या भावना सांभाळा' या नावाखाली हे आधी होऊन गेलं आहे. तमिळनाडूतल्या तरंगंबाडीच्या लुथरन मिशनमध्ये आरोन हे 1733 साली दीक्षित झालेले पहिले भारतीय प्रोटेस्टंट पाळक. त्याच मिशनमध्ये राजनायकन हे अत्यंत कर्तबगार उपदेशक होते. त्यांना दीक्षा मिळाली नाही, कारण ते दलित होते आणि वरच्या म्हणवणाऱ्या जातींचे सभासद त्यांच्या हातून प्रभुभोजन (उपासनेतली पवित्र भाकर आणि द्राक्षारस) घेणार नाहीत ही भीती. मंडळीत बसायच्या जागा वेगळ्या. हीच 'जुळवणूक' पुढे शंभर वर्षं चालली. 1833 साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी पत्रक काढून जातभेद मंडळीतून तात्काळ आणि कायमचा गेला पाहिजे असं बजावलं, तेव्हा तंजावर आणि वेपेरीच्या मंडळ्यांतून कित्येक जण बाहेर पडले. माणसं गेली म्हणून विल्सन चुकले असं मी म्हणणार नाही. शंभर वर्षं गप्प बसणाऱ्यांनी तो दिवस अवघड करून ठेवला होता.

युरोपातून आलेल्या भाबड्या कौतुकाचाही धोका असतो. किलिमांजारोच्या उतारावरच्या चग्गा लोकांत जर्मन मिशनरी ब्रूनो गुटमान यांनी 1902 ते 1938 या काळात, मधल्या खंडासह, काम केलं. कूळ, शेजार आणि समवयस्कांचे गट ही देवानं दिलेली नाती आहेत, मंडळीची बांधणी त्यांवरच व्हावी, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी चग्गा रीती मनापासून अभ्यासल्या, त्यातून पुष्कळ चांगलंही झालं. पण चग्गा तरुण स्वतः बदलत होते, शाळा आणि शहर त्यांना हवं होतं. बाहेरच्या माणसाला संस्कृती काचेच्या कपाटात ठेवावीशी वाटते. तिच्यात राहणाऱ्याला ती रोज वापरायची असते, आणि वापरात ती बदलते.

एखाद्या समाजाला मंडळीतच स्वतःची वेगळी व्यवस्था मागता येते का?

येते, आणि वरच्या उत्तराशी यात विरोध नाही. बलवानानं दुर्बळाला वेगळं बसवणं आणि दुर्बळानं स्वतःचा कारभार मागणं, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

न्यूझीलंडच्या अँग्लिकन मंडळीत फ्रेडरिक बेनेट हे 1928 साली पहिले माओरी बिशप झाले, पण साहाय्यक म्हणून. दुसऱ्या धर्मप्रांतातल्या माओरींकडे जायचं तर तिथल्या बिशपची परवानगी लागायची. 1992 मध्ये घटनाच बदलली. आता त्या मंडळीत तीन 'तिकांगा' आहेत, म्हणजे तीन रीती: माओरी, युरोपीय वंशाच्या लोकांची आणि पॅसिफिक बेटांतल्या लोकांची. प्रत्येकीचा कारभार तिच्या तिच्या वळणानं चालतो. महासभेत तिघी एकत्र बसतात आणि मोठ्या निर्णयाला तिघींची संमती लागते. संख्येनं लहान असलेल्याला बहुमताखाली दडपता येऊ नये, हा त्यातला मुद्दा. ही रचना वेळखाऊ आहे. मला ती किंमत रास्त वाटते.

पाळक हा मंडळीचा नोकर, साहेब की आणखी कुणी?

सामोआमध्ये याला सुंदर शब्द आहे: फेआगाइगा. म्हणजे करार, पण कागदावरचा नव्हे. मूळ वापर भाऊ-बहिणीच्या नात्यासाठी. बहिणीचा मान राखणं हे भावाचं पवित्र कर्तव्य. लंडन मिशनरी सोसायटीचं काम 1830 मध्ये तिथे सुरू झालं, आणि पुढे गाव आणि पाळक यांचं नातं याच शब्दात बसवलं गेलं. गाव स्वतः पाळकाला बोलावतं, घर देतं, पोसतं. पाळक गावच्या सत्तेच्या बाहेर राहतो आणि म्हणूनच भांडणात मधे पडू शकतो.

नियुक्तिपत्र, पगारपत्रक, बदलीचा हुकूम यांत हे नातं मावत नाही. पण नात्याला लिखित आधारही हवा. आजारपण, निवृत्ती आणि पाळकाच्या विधवेचं घर, या तीन गोष्टी तरी कागदावर असू द्या. गावाची माया खरी असते, पण नवी पिढी आली की आठवण पुसट होते.

पैशाचा कारभार लोकांच्या रीतीनं चालू शकतो का?

देणं चालू शकतं, हिशेबाला मात्र सगळीकडे एकच नियम.

मिझोराममधली मूठभर तांदळाची रीत, 'बुहफाई थाम', मला फार आवडते. स्वयंपाकाच्या वेळी बाई मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढते. ते गोळा होतात, विकले जातात, आणि त्यावर मंडळीचं आणि सुवार्तेचं काम चालतं. रोख पैसा हाती नसणाऱ्या घरालाही रोज देता येतं. दशांशाची (उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याची) पावती-पाकिटं हे करू शकली नसती.

उलट बाजूही आहे. कुणी किती दिलं हे सभेत मोठ्यानं वाचून दाखवायची पद्धत बेटांपासून डोंगरांपर्यंत पुष्कळ ठिकाणी आहे. मानाच्या समाजात त्यामुळे दान भरभरून येतं, आणि गरीब घर कर्ज काढून देतं. एकूण जमा वाचा, नावं वाचू नका. आणि दोन सह्या, दरवर्षी बाहेरच्या माणसाकडून तपासणी, हिशेब भिंतीवर. "आमच्यात विश्वास आहे" हे वाक्य ऐकलं की मी हिशेबाची वही आधी मागतो.

स्त्रियांचं काय?

कमिटीत दोन जागा राखून ठेवल्या की काम झालं असं मानलं जातं. वर सांगितलं तसं खरा निर्णय सभेआधीच होत असेल, आणि त्या बोलण्यात फक्त पुरुष असतील, तर राखीव जागेवर बसलेली बाई सही करण्यापुरती उरते. म्हणून आधीच्या बोलण्याला जागा द्या: महिला मंडळाकडे विषय सभेपूर्वी गेलाच पाहिजे, आणि त्यांचं म्हणणं त्यांच्यातल्याच कुणी मांडलं पाहिजे, पाळकाच्या पत्नीनं सगळ्यांच्या वतीनं नव्हे.

"आमची संस्कृती परवानगी देत नाही" हे कारण दर वेळी खरं नसतं. चर्च ऑफ साउथ इंडियात, म्हणजे दक्षिण भारतातल्या अनेक प्रोटेस्टंट परंपरांच्या एकत्रित मंडळीत, 1976 पासून स्त्रियांना दीक्षा मिळते आणि 2013 साली पहिली स्त्री बिशप झाली. संस्कृती तीच होती.

सामूहिक समाजाला बिशपच जास्त मानवतो, असं म्हणतात. खरं आहे का?

अर्धं खरं. घरात एक कर्ता असतो तसा मंडळीला एक चेहरा हवा असतो; दुःखात येणारा, आशीर्वाद देणारा. डोर्नाकलचे अझरय्या, 1912 साली बिशप झालेले पहिले भारतीय अँग्लिकन, खेडोपाडी हिंडत आणि लोक त्यांना आपलं माणूस मानत.

1947 मध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया आणि 1970 मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा बिशप नसलेल्या परंपरांनीही बिशप स्वीकारला, पण घटनेनं बांधलेला. पाळक आणि सामान्य सभासद त्याच्याबरोबर सिनडमध्ये बसणार, अशी अट. ही अट सैल झाली की सगळी मालमत्ता, बदल्या आणि शाळा एका हातात येतात, आणि मग खटले सुरू होतात. एका हातातल्या सत्तेला बाहेरून पकडणंही सोपं जातं. 1992 मध्ये बटाक मंडळीत नेतृत्वाचा वाद झाला, तेव्हा लष्करी अधिकाऱ्यानं हंगामी एफोरस, म्हणजे प्रमुख, नेमला. मंडळी दुभंगली आणि ती जखम भरायला वर्षं लागली.

मंडळीतली भांडणं कुणी मिटवायची?

मत्तय अठराव्या अध्यायात क्रम दिलेला आहे: आधी एकटं जाऊन, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. मधल्या पायरीवर आपल्या समाजाचं कसब वापरा. जिथे दोन्ही घरांना मान्य असलेला मध्यस्थ असतो, तिथे लेखी नोटीस पाठवून कमिटीपुढे हजर व्हायला सांगणं म्हणजे आगीत तेल. मध्यस्थ तिऱ्हाईत नसला तरी चालतो, दोघांचा असला पाहिजे.

एक अपवाद. मारहाण, लैंगिक अत्याचार, लहान मुलांशी गैरवर्तन. इथे समेट, मध्यस्थी, कुटुंबाची अब्रू यांतलं काहीही नाही. पोलीस. अशा वेळी 'आपसांत मिटवू' म्हणणारी मंडळी पीडिताला दुसऱ्यांदा दुखावते.

आमची घटना जुनी आहे. बदलायला सुरुवात कुठून करावी?

घटनेपासून नको. आधी सहा महिने नुसतं पाहा. शेवटचे पाच मोठे निर्णय घ्या आणि प्रत्येक निर्णय प्रत्यक्षात कुठे झाला, कुणी केला, कुणाला तो सर्वांत शेवटी कळला, हे प्रामाणिकपणे लिहून काढा. ही यादी कमिटीपुढे ठेवली की खोली शांत होते. त्या शांततेचा अर्थ कळण्याइतके आपण आता तयार असतो.

मग उपविधीपासून सुरुवात करा: बैठकीची पद्धत, विषय दोनदा घेणं, गटांचं म्हणणं ऐकणं, हिशेब जाहीर करणं. यातल्या बहुतेक गोष्टींना मूळ घटना हात लावत नाही. दोन वर्षं वापरून पाहा. जे टिकेल ते सिनडकडे किंवा महासभेकडे दुरुस्ती म्हणून न्या. मालमत्ता ट्रस्टच्या किंवा संस्थेच्या नावावर असेल, तर देशाच्या कायद्याप्रमाणे नोंदणीतही बदल करावा लागतो. तो वकिलाला दाखवूनच करा. आणि मसुदा लोक घरात बोलतात त्या भाषेत लिहा. ज्या आजीला तो वाचता येत नाही, तिला कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवा आणि तिला काय वाटलं ते विचारा.